तिथीची पाऊणपट

खंडेनवमीच्या सकाळी पोलादपूरजवळच्या एका घरात पाटावर कोयता, पहार, विळी आणि मोटरसायकलची किल्ली मांडली होती. शेजारी, पाटावर मावत नाहीत म्हणून भिंतीला टेकवून, दोन्ही टोकांना पाती असलेली दोन वल्ही उभी होती. आजीनं सगळ्यांना हळदकुंकू लावलं, कोयत्याला झेंडूची माळ घातली आणि वल्ह्यांकडे वळून नातवाला विचारलं, "याला कुठं लावू रे?" त्यानं पात्याच्या मधोमध बोट ठेवलं. गेली सहा वर्षं त्याचं पोट या हत्यारावर चाललं होतं, पण घरच्या पुजेत ते पहिल्यांदाच आलं होतं.

तो कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टचा गाइड आहे. तिथलं काम घड्याळावर चालतं. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीतून पश्चिमेला खाली उतरवून भिऱ्याच्या वीजकेंद्रात आणलं जातं. १९२७ पासून तिथं वीज तयार होते आणि टर्बाइन फिरवून सुटलेलं तेच पाणी पुढे कुंडलिकेत येतं. सकाळी पाणी सुटलं की राफ्ट लोटायच्या, बारा-एक किलोमीटर न्यायच्या, पर्यटकांना उतरवायचं आणि रबरी धूड टेम्पोवर बांधून परत यायचं. राफ्टच्या पुढे एक जण छोट्या कयाकमध्ये असतो. पाण्यात पडलेल्या माणसाला उचलणं हे त्याचं काम. दोन हंगाम राफ्टवर घालवल्यावर तो त्या कयाकमध्ये बसला, आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात घरामागची सावित्री वाहू लागली. दुसऱ्यांची नदी रोज वाचायची आणि आपली फक्त एस.टी.च्या खिडकीतून बघायची, हे त्याला खटकत होतं.

सावित्रीला घड्याळ नाही. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात जिची धार मानतात ती ही नदी. तिथल्या कृष्णा, कोयना, वेण्णा पूर्वेला बंगालच्या उपसागराची लांबची वाट धरतात. सावित्री पश्चिमेचा कडा उतरून पोलादपूर, महाड करत सुमारे ११० किलोमीटरमध्ये बाणकोट-हरिहरेश्वरपाशी अरबी समुद्र गाठते. सगळी उंची सुरुवातीच्या थोड्या अंतरात संपवून टाकते आणि उरलेल्या वाटेवर तिच्याकडे उतारच शिल्लक राहत नाही. ही गोष्ट नकाशावर कुणालाही दिसेल. हाताला कळायला मात्र त्याला चार दिवस लागले.

वेळ निवडण्यातच त्याचा महिना गेला. पावसाळ्यात वरची नदी माणसाच्या आवाक्याबाहेर असते, डिसेंबरनंतर तिथं गोट्यांवरून चालत जाता येतं. मध्ये उरतात ते परतीच्या पावसानंतरचे काही आठवडे. त्यात महाडच्या खाली भरती-ओहोटी. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा असतो: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता खाडीच्या तोंडाशी पूर्ण भरती. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पुनवेला सव्वाअकरा. पुनवेच्या उधाणाला खाडीचं पाणी अंगावर येण्याइतकं धावतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी मऊ असतं. म्हणून त्यानं नवमीला पोलादपूरहून निघायचं, दशमीला, म्हणजे दसऱ्याला, महाडहून ओहोटीबरोबर खाली उतरायचं असं ठरवलं. कॅलेंडरवर पेन्सिलनं केलेला तो हिशेब आजीला लगेच कळला. सुनेला भरती-ओहोटी समजावताना तिनं तोच वापरला.

सोबत दोघं होते. एक मावसभाऊ, मोटरसायकलवर, दोर, डबे आणि कोरडे कपडे घेऊन काठाकाठानं येणारा. दुसरा कोलाडचाच सहकारी, मूळचा नेपाळचा, हिमालयातल्या नद्यांवर वाढलेला. कुंडलिकेवर तो सगळ्यांचा उस्ताद. त्यानं समुद्र पाहिला होता, पण नदी उलटी वाहताना कधीच पाहिली नव्हती.

पोलादपूरच्या खाली पहिला तास त्यांच्या ओळखीच्या भाषेत गेला. ढवळी, कामथी, चोळई अशा नद्यांचं पाणी घेऊन सावित्री इथं बऱ्यापैकी भरलेली होती. कातळाच्या पायऱ्यांवरून धार पडायची, खाली डोह यायचा, डोहानंतर गोट्यांचा उथळ पट्टा. पाण्यावर इंग्रजी व्ही दिसला आणि त्याचं टोक आपल्याकडे असलं की टोकाला दगड आहे, टोक पुढे प्रवाहाच्या दिशेला असलं की मधून वाट आहे, हे त्यांना झोपेतही कळतं. दगडामागं पाणी उलटं फिरतं, त्या शांत जागेत कयाक वळवून घ्यायची, पुढचं बघायचं, मग निघायचं. दोन ठिकाणी बंधारे आले. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी वरून कितीही सपाट आणि निरुपद्रवी दिसलं तरी खाली ते माणसाला गोल फिरवत ठेवतं, बाहेर सोडत नाही. कसलेल्या लोकांचेही जीव अशाच ठिकाणी जातात. दोघांनी काही न बोलता कयाक खांद्यावर घेतल्या आणि काठानं उतरले.

पुरात वाहून आलेली झाडं हा दुसरा धोका. आडव्या पडलेल्या फांद्यांमधून पाणी आरपार जातं, माणूस अडकतो. आणि फांद्यांना लोंबणाऱ्या चिंध्या, प्लॅस्टिक, खताच्या गोण्या यांनी पुराची पातळी नोंदवून ठेवलेली असते. काही जागी ती नोंद त्यांच्या डोक्याच्या बरीच वर होती. त्यानं वल्हं उभं धरून पाहिलं. पोचलं नाही.

राजेवाडीजवळ मुंबई-गोवा महामार्गाचा पूल आला तेव्हा दोघांनी वल्ही थांबवली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री साडेअकराच्या सुमाराला इथला १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एस.टी. आणि एक खासगी गाडी अंधारात नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसं. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका कामगारानं येणारी वाहनं अडवली म्हणून आकडा तिथं थांबला. ती रात्र अमावास्येची होती.

तेव्हा तो शाळकरी होता. पुढचे दहा-बारा दिवस काठावरच्या गर्दीत उभा राहून त्यानं नदीतलं काम पाहिलं होतं: राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी होड्या, क्रेनला दोरानं बांधून पाण्यात सोडलेलं तीनशे किलोचं लोहचुंबक, नौदलाचे पाणबुडे. गढूळ पाण्यात हाताला हात दिसत नव्हता. त्यातच नदीत मगरी. बस सापडायला आठवड्याहून जास्त काळ गेला, आणि सापडली ती पुलापासून जेमतेम दोनशे मीटरवर. मृतदेह मात्र केंबुर्ली, आंबेत, हरिहरेश्वर, थेट समुद्रातून आंजर्ल्याच्या किनाऱ्यापर्यंत गेले होते. माणूस इतका लांब कसा जातो, हा प्रश्न तेव्हापासून त्याच्या मनात होता. कयाकमधून पुलाखाली जाताना तो वर बघत नव्हता. वल्ह्याचं पातं उभं पाण्यात घालून किती ओढ लागते ते बघत होता. नवा पूल जून २०१७ मध्ये सुरू झाला. वरून ट्रक जात होते, खाली त्यांचा आवाज घुमत होता.

पुलाखाली नदी बदलते. बिरवाडीकडून काळ नदी येते, पात्र रुंदावतं, खळखळ थांबते. काळच्या बाजूला महाडची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे. त्या टप्प्यात दोघं पाण्याला तोंड लावत नाहीत. संध्याकाळी महाडच्या दादली पुलाजवळ पोचले तेव्हा नेपाळी सहकाऱ्यानं वल्हं मांडीवर ठेवून कयाक सोडून दिली. ती खाली जाईना. थोड्या वेळानं हळूच मागं सरकू लागली. त्यानं पाण्यात हात घातला, काठावरच्या झुडपाशी डोळ्यांनी मेळ घातला, परत पाण्याकडे पाहिलं. "भाई, ये तो ऊपर जा रहा है," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा हसला.

महाडचं सगळं दुखणं त्या मागं सरकणाऱ्या कयाकमध्ये आहे. डोंगरावरून पळत आलेली नदी इथं येऊन थबकते. समोरून खाडीचं पाणी येत असतं, बाजूनं गांधारी नदी येऊन मिळते, आणि खाली गाळानं पात्र उथळ झालेलं. २२ जुलै २०२१ ला आषाढ शुद्ध त्रयोदशी होती, पुनवेच्या उधाणाला दोन दिवस उरलेले. २३ तारखेच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. ते पाणी उतरायला वाट एकच. महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. पुराची चर्चा नेहमी आभाळाकडे बोट दाखवून होते. नदीत बसलेल्या माणसाला खालची बाजू आधी दिसते: दासगावकडची गाळाची बेटं, रेल्वेचा भराव, खाजणात केलेली भर. त्या पुरानंतर गाळ काढण्याचं काम हाती घेतलं गेलं, आणि महाडकरांनी त्यासाठी धरलेला आग्रह किती रास्त होता हे मोकळं पाणी आणि अडलेलं पाणी एकाच दिवसात वल्हवलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

महाडात रात्र मावशीकडे. दशमीचा हिशेब असा: बाणकोटला साडेसातला भरती, ते पाणी महाडपर्यंत चढायला दीड-दोन तास, म्हणजे नऊ-सव्वानऊला निघायचं आणि सहा तासांची ओहोटी पुरी वापरायची. पण दसरा होता. मावशीनं श्रीखंड-पुरीशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही. "नदी काय पळून जाते का?" ती म्हणाली. निघाले तेव्हा पावणेबारा झाले होते. मावशीच्या प्रेमाला नाही म्हणणं त्याला जमलं नाही, आणि ओहोटी मात्र खरंच पळून जात होती.

दादली पुलाखालून जाताना झेंडूची फुलं पाण्यावर तरंगत होती, माळा, पानं, घटाचं धान्य. मगरी इथंच असतात. सावित्रीतल्या मगरी महाडकरांना नव्या नाहीत, आणि वर्षानुवर्षं माणसांच्या इतक्या जवळ राहूनही त्या बहुधा आपल्या वाटेनं जातात. उत्कर्षा चव्हाण आणि मनोज बोरकर या अभ्यासकांनी इथल्या मगरींचा दीर्घकाळ पाठपुरावा केला आहे. २०२३ मध्ये 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा'मध्ये त्यांनी एक प्रसंग नोंदवला. भटक्या कुत्र्यांच्या टोळीनं पाठलाग केलेलं एक कुत्रं नदीत शिरलं. जवळच्या तीन मगरींपैकी दोघींनी त्याला न खाता तोंडानं ढकलत सुरक्षित काठाकडे नेलं. पाण्यात वाहून आलेल्या झेंडूच्या फुलांमध्ये मगरी पडून राहतात, असंही त्यांनी लिहिलं आहे. याचा अर्थ काय लावायचा यावर मतं वेगवेगळी असू शकतात. पण निरीक्षण करणाऱ्यांनी नदीकाठी घालवलेले तास खरे आहेत.

त्या दोघांना एक मगर दिसली. डाव्या काठाच्या चिखलावर, तोंड उघडं टाकून, ओल्या ओंडक्याच्या रंगाची. तीसेक मीटर अंतर ठेवून, वल्ही पाण्यावर न आपटता, दोघं उजव्या काठानं गेले. तिनं हालचाल केली नाही. पण पाठीमागं एकदा 'चुळ्ळ' असा आवाज आला. वळून पाहिलं तर चिखलावर नुसती घसरण उरली होती. त्यापुढचा अर्धा तास दोघांचं वल्हवणं कमालीचं एकसारखं झालं होतं.

दासगावच्या पुढं साडेतीनला पाणी मेलं. कुंडलिकेवरची ती कयाक आखूड, रुंद आणि गोल बुडाची. खळखळाटात ती पटकन वळते, सपाट पाण्यात मात्र प्रत्येक वल्ह्यागणिक डावी-उजवी नाक फिरवत राहते. भरती सुरू झाली तसं काठावरचं एक कांदळाचं झाड त्यांच्या बाजूला येऊन उभं राहिलं आणि हलेना. तासाभरात दोन किलोमीटरही झाले नसतील. खांद्यात गोळे आले. उतरून थांबावं म्हणून त्यानं काठावर पाय टाकला, तो मांडीपर्यंत चिखलात गेला. खाडीचा चिखल पाय सोडत नाही, चप्पल तर ठेवूनच घेतो. कयाकवर पोट टेकून, दोन्ही हातांनी स्वतःला ओढून घेत तो बाहेर आला तेव्हा सहकारी गप्प होता. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. दोघांनी नाकं वळवली, आणि ज्या अंतराला तास लागला होता ते वीस मिनिटांत भरतीनं मागं नेऊन दासगावच्या बंदरावर ठेवलं.

बंदरावर एक म्हातारे काका बसले होते. पूर्वी वाळूच्या होडीवर होते. त्यांनी चिखलानं माखलेला पाय पाहिला आणि आधी पाण्याची बादली दिली. मग विचारलं, "महाडातनं किती वाजता निघालात?" उत्तर ऐकून त्यांनी मान हलवली. उठून पाण्याच्या अगदी कडेला एक काडी खोवली. "घड्याळ बघू नको. काडी बघ. बूड भिजलं की चढतंय, सुकलं की उतरतंय. मधी थोडा वेळ काहीच होत नाही, तवा जेवून घ्यायचं."

या बंदराला मोठा भूतकाळ आहे. रस्ते होण्यापूर्वी महाडचा सगळा व्यापार या खाडीनं चालायचा: मोठी गलबतं म्हाप्रळपर्यंत, त्याहून लहान दासगावपर्यंत, होड्या भरती गाठून महाडपर्यंत. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी २४ तारखेला मुंबईहून बोटीनं निघाले आणि २५ तारखेच्या दुपारी दासगावला उतरले. तिथून पाच मैल मिरवणुकीनं चालत महाड. पाण्यावरचा हक्क मागायला निघालेली माणसं पाण्यानंच आली होती, या धक्क्यावर, याच भरती-ओहोटीचा हिशेब धरून. काकांनी तो धक्का दाखवला, आणि मग मागचा डोंगर. जुलै २००५ च्या दरडीत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते ही गावं सापडली. एकाच जागी बसून त्यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या. रात्री त्यांच्या अंगणातच पथारी पडली.

एकादशीला त्यांनी काडी पाहूनच कयाक लोटल्या. काडीचं बूड सुकलेलं होतं. त्या दिवशी वल्हं जवळजवळ फक्त दिशा देण्यापुरतं लागलं. दोन्ही काठांना कांदळवन, त्यामागं भातखाचरं पिवळी पडू लागलेली, मधूनच मशिदीचा मिनार, मधूनच कौलारू देऊळ. उजवीकडे रायगड, डावीकडे रत्नागिरी जिल्हा. आंबेतचा पूल लांबून दिसला. माजी मुख्यमंत्री ए. आर. अंतुले याच आंबेतचे. पुलाखाली मचव्यावर जाळी विणणाऱ्या माणसानं विचारलं, "कुठनं आलात?" पोलादपूर म्हटल्यावर त्यानं जाळं खाली ठेवलं. "वरनं?" त्याला ते पटेना. खाडीतल्या माणसासाठी नदी महाडला सुरू होते, पोलादपूरच्या माणसासाठी ती महाडला संपते. म्हाप्रळला मुक्काम.

चौथ्या दिवशी बाणकोटकडे जाताना खाडी इतकी रुंदावली की काठाचा आधार गेला. दुपारी समुद्रावरचा वारा उठला आणि ओहोटीच्या उलट दिशेनं वाहू लागला. पाणी खाली, वारा वर, आणि मध्ये आखूड, उभ्या लाटा. इथं मात्र ती गोल बुडाची कयाक कामाला आली. सहकारी तीन दिवसांत पहिल्यांदा पुढं झाला आणि कुंडलिकेवर ओरडतो तसा ओरडला, "फॉरवर्ड, फॉरवर्ड!"

बाणकोटचा किल्ला वर दिसत होता. आंग्र्यांचा हा हिम्मतगड १७५६ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि फोर्ट व्हिक्टोरिया झाला. खाडीचं तोंड ज्याच्या हाती त्याच्या हाती आतला व्यापार. त्याच तोंडाबाहेरून कयाकवाले याआधीही गेले आहेत. १९३२ मध्ये जर्मनीतल्या उल्म गावी डॅन्यूबमध्ये घडीची कयाक लोटलेला ऑस्कर स्पेक नदीमार्गे समुद्रात उतरला, भारताचा पश्चिम किनारा वल्हवत श्रीलंकेला गेला आणि १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. २०१५ मध्ये मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी एकट्यानं मुंबई ते गोवा कयाक नेली. त्यांच्यापुढं या दोघांचे चार दिवस लहान आहेत. पण किनाऱ्यानं जाणाऱ्याला सावित्री हे फक्त ओलांडायचं तोंड असतं. दोघं त्या तोंडात आतून आले होते.

वेसवीहून जंगलजेटीनं, म्हणजे फेरीबोटीनं, खाडी ओलांडून ते बागमांडल्याला उतरले. मावसभाऊ टेम्पो घेऊन तिथं आला होता. त्यानं आधी आजीला फोन लावून दिला. तिनं दोनच प्रश्न विचारले: जेवलास का, आणि समुद्राचं पाणी खरंच गोड नसतं का. उत्तरं मिळाल्यावर फोन ठेवला. टेम्पोत कयाक बांधताना वल्ह्याच्या पात्यावरचं कुंकू पूर्ण गेलेलं दिसलं. हळदीचा मात्र एक पिवळट डाग राहिला होता.

सोमवारी दोघं पुन्हा कोलाडला. मुंबईहून आलेला एक ग्रुप हेल्मेट घालून काठावर उभा होता, राफ्ट वाळूवर, नदीत दगड उघडे. "दादा, पाणी किती वाजता येणार?" एका मुलीनं विचारलं. नेहमी तो मनगटावर बघून उत्तर देतो. त्या दिवशी तो खाली बसला, झुडपाची एक काडी मोडून पाण्याच्या कडेला खोवली आणि बाकीच्यांना जॅकेटचे पट्टे आवळायला सांगून आला. परत येऊन पाहिलं, तर काडीचं बूड ओलं झालं होतं.